वचन आणि विवंचना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आजारपण, अपयश, भाऊबंदकी, घरातला मृत्यू अशा प्रसंगी बायबल नेमके कसे वाचावे, हे विचारणारी पत्रे या खेपेला अधिक आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. संदर्भ अध्याय आणि वचन अशा क्रमाने आहेत. बायबल शेजारी उघडून उत्तरे वाचलीत तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न : यजमानांचे डायालिसिस आठवड्यातून तीनदा असते. चार-चार तास बाहेर बसून असते. बायबल उघडते, डोळे ओळींवरून फिरतात, पण आत काहीच उतरत नाही. सुरुवात कुठून करू? (एक भगिनी, मिरज)

ताई, सप्रेम सलाम. मन लागत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. जागरण, औषधांच्या वेळा, पैशांची जुळवाजुळव या सगळ्यात मोठा उतारा डोक्यात राहतच नाही. त्यामुळे उतारा लहान घ्या आणि आठवडाभर तोच ठेवा. आम्ही सुचवू ते स्तोत्रसंहितेतले स्तोत्र १३. त्यात अवघी सहा वचने आहेत.

पहिल्या दोन वचनांत दावीद राजा, ज्याच्या नावे हे स्तोत्र आहे, देवाला ‘कुठवर?’ असे चार वेळा विचारतो. तू मला कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, मी मनातल्या मनात कुठवर घोळत राहू, शत्रू माझ्यावर कुठवर वरचढ राहणार. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणी आहे : माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड आण. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गाणे. आता चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मधली जागा नीट बघा. तिथे काहीच घडलेले नाही. शत्रू गेला असे लिहिलेले नाही, देवाने उत्तर दिले असेही नाही. परिस्थिती होती तशीच आहे, आणि तरी दावीद ‘पण मी तर तुझ्या दयेवर भाव ठेवला आहे’ अशा अर्थाचे बोलतो. हे स्तोत्र तुमच्यासाठी निवडले ते यासाठीच. डायालिसिस पुढच्या आठवड्यातही असणार आहे.

वाचण्याची रीत अशी ठेवा. मशीन सुरू होऊन यजमान स्थिरावले की फोन पर्समध्ये टाका. सहाही वचने ओठ हलवत, कुजबुजल्यासारखी वाचा. डोळ्यांनी नुसते वाचले तर लक्ष निसटते. ओठांना काम दिले की ते बऱ्यापैकी टिकते. दोन मिनिटे थांबून पुन्हा तसेच वाचा. मग वहीत तुमचा स्वतःचा एक ‘कुठवर’ लिहा, अगदी रोखठोक : ‘प्रभू, हे इंजेक्शनचे बिल कुठवर?’ त्याखाली एक मागणी लिहा, पण त्याच दिवसापुरती. ‘आज बी.पी. खाली जाऊ देऊ नको’ एवढीसुद्धा चालेल. शेवटी पाचवे-सहावे वचन जसेच्या तसे उतरवून काढा. त्यात स्वतःचे शब्द घालू नका, कारण त्या दिवशी ते तुमच्या मनात असतीलच असे नाही. जे आपल्यापाशी नाही ते वचनाकडून उसने घ्यायला हरकत नसते. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे लागतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, तक्रारीची वचने ओलांडून थेट भरवशाच्या वचनांवर उडी मारणे. देवापुढे कुरकुर करू नये असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. पण १५० स्तोत्रांत सर्वांत मोठा गट विलापाच्या स्तोत्रांचाच आहे, आणि ती देवाच्या लोकांच्या उपासनेत गायली जात. तक्रार गिळून म्हटलेला भरवसा पोकळ वाटतो आणि चार दिवसांत वाचनच सुटते. दुसरी चूक म्हणजे याच काळात ‘वर्षात संपूर्ण बायबल’ सारखी योजना हाती घेणे. लेवीय हे नियमांचे तिसरे पुस्तक येईपर्यंत चार दिवस मागे पडता, मग अपराधी वाटते, आणि आधीच्या ओझ्यावर हे आणखी एक चढते. ती योजना बरे दिवस आल्यावर घ्या.

दुसऱ्या आठवड्यात स्तोत्रे ४२ आणि ४३ एकत्र वाचा. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हा प्रश्न त्यांत तीनदा येतो (४२:५, ४२:११, ४३:५), म्हणून ती सलग वाचायची. तिसऱ्या आठवड्यात १३० घ्या. स्तोत्र ८८ मात्र एकटीने बसून वाचू नका, कोणीतरी सोबत असू द्या. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात वळण येत नाही. कॅथलिक मंडळींच्या शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते नेमलेले आहे. म्हणजे असा अंधार बोलून दाखवायला चर्चनेच जागा ठेवली आहे.

प्रश्न : एमपीएससीत तिसऱ्यांदा नापास झालो. यिर्मया २९:११ आणि फिलिप्पै ४:१३ ही दोन वचने मी टेबलासमोर चिकटवली होती. आता ती बघवत नाहीत. वचन खोटे ठरले असे म्हणू का? (एक तरुण, छत्रपती संभाजीनगर)

वचन खोटे ठरलेले नाही. ते ज्या पत्रातून कापून घेतले ते पूर्ण पत्र तुमच्यापर्यंत कोणी पोचवलेच नाही. याचा राग आला तर तो रास्त आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला २९वा अध्याय हे पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या यखन्या राजाबरोबर जे लोक बाबेलास (बॅबिलोनला) धरून नेले, त्यांना यिर्मयाने यरुशलेमेहून ते पाठवले. त्याच्या आधीचा, २८वा अध्याय वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मया सांगतो, सत्तर वर्षे (२९:१०). आणि लगेच पुढच्या वचनात ते प्रसिद्ध आश्वासन येते, की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हांला भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. ते ऐकणाऱ्यांतले बरेच जण परतीचा दिवस बघणार नव्हते. मग त्यांनी काय करायचे? तेही लिहिले आहे, पाचव्यापासून सातव्या वचनापर्यंत : घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले त्याचे हित बघा, त्यासाठी प्रार्थना करा.

आपल्याकडे अकरावे वचन भिंतीवर लागते आणि पाचवे ते सातवे कोणी लावत नाही. तुमच्या कामाची वचने ती आहेत. ‘पोस्ट निघेल तेव्हा जगणे सुरू होईल’ हे हनन्याचे बोलणे झाले. आणखी किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या तारखेला थांबायचे, हे आजच आईवडिलांशी बोलून कागदावर लिहा. तोवर कमाईचे काहीतरी हाताशी धरा, शिकवणी असो की अर्धवेळ नोकरी. तुमच्या खोलीवरचा जो मुलगा या वेळी पास झाला, त्याचे अभिनंदन करून या. नगराचे हित पाहण्याची सुरुवात इथूनही होते.

फिलिप्पै ४:१३ चेही तसेच. प्रेषित पौल हे पत्र बेड्यांत असताना लिहितो (१:१३). ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ याच्या आधीची दोन वचने, ११ आणि १२, त्यातले ‘सर्वकाही’ कशाला म्हटले आहे ते सांगतात : तृप्त राहणे आणि भुकेले राहणे, विपुलता आणि टंचाई, दोन्ही. निकालाच्या यादीत नाव येईल असे तिथे म्हटलेले नाही. नाव आले नाही त्या संध्याकाळी घरी जाऊन जेवायला बसण्याचे बळ मात्र त्यात येते. पौल आणखी एक गोष्ट सांगतो, ही स्थिती मी शिकलो आहे. म्हणजे त्यालाही ती शिकावी लागली.

यापुढे कोणतेही वचन भिंतीवर लावण्याआधी त्याच्या अलीकडची दहा आणि पलीकडची दहा वचने वाचा. कोण बोलतो, कोणाशी, कोणत्या अडचणीत, हे तीन प्रश्न विचारा. वचन सुटे वापरले तर काय होते याचा दाखला मत्तय ४:६ मध्ये आहे. तिथे सैतानच स्तोत्र ९१ मधली वचने म्हणून दाखवतो, ‘उडी टाक’ म्हणतो, आणि येशू त्याला ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या ६:१६ ने उत्तर देतो. वचनाचा तोल दुसऱ्या वचनाने साधायचा असतो.

प्रश्न : प्रार्थनासभेत सांगितले की गोळ्या चालू ठेवणे म्हणजे अविश्वास, आणि माझा आजार घरातल्या कोणाच्या तरी पापाचा परिणाम आहे. काय करू? (एक वाचक, जालना)

गोळ्या बंद करू नका. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, थायरॉइड किंवा मनाच्या आजाराची औषधे एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकते. डोस कमी-जास्त करायचा असेल तर तो डॉक्टरच करतील.

बायबलमध्ये उपचाराला कुठेही तुच्छ लेखलेले नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्टा अंजिरांचा लेप लावायला सांगतो (यशया ३८:२१), तेही त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढेल हे देवाने सांगितल्यावर. पोटाच्या तक्रारीसाठी आपला तरुण सहकारी तीमथ्य याने काय घ्यावे, हे पौल लिहून कळवतो (१ तीमथ्य ५:२३). लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). आणि ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले, त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०), पौलाचाच दुसरा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला (फिलिप्पै २:२७). यांपैकी कोणावरही अविश्वासाचा ठपका नाही.

पापाच्या प्रश्नाला योहान ९:१-३ मध्ये सरळ उत्तर आहे. शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि आईबापांनीही नाही. हा उतारा त्या सभेतल्या मंडळींसमोर शांतपणे वाचून दाखवा. प्रार्थना हवीच असेल तर याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या (चर्चच्या) वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, घरी बोलवा, तेल लावून प्रार्थना करू द्या, आणि ते गेल्यावर रात्रीची गोळी घ्या.

प्रश्न : मी दुबईत नर्स आहे. नाइट ड्युटी लागली की दिवस-रात्र उलटे होतात. शांतपणे अर्धा तास कधीच मिळत नाही. (एक भगिनी)

अर्धा तास लागतच नाही. स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रे तुमच्यासाठी अगदी योग्य आहेत. यरुशलेमेच्या वाटेवर यात्रेकरू ती गात असत असे मानले जाते. १३२वे अठरा वचनांचे आहे, बाकीची सगळी नऊ वचनांच्या आत संपतात. ड्युटीला एक घेतले तर पंधरा ड्युट्यांत एक फेरी होते. १३४वे तर तीनच वचनांचे आहे, आणि ते रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे. १३०व्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. रात्रीच्या साडेतीनला वॉर्डमध्ये ते वाचून बघा.

पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर एक स्तोत्र हाताने लिहा आणि गणवेशाच्या खिशात ठेवा. मोबाइलवर वाचायला गेलात की मेसेज दिसतात आणि तिथेच वेळ जातो. निघण्याआधी एकदा, राउंड संपल्यावर एकदा आणि बसमधून परतताना एकदा वाचा. पहिले तोंडपाठ करायचे असेल तर १२१ घ्या : आठ वचने, रोज एक, आणि रोज पहिल्यापासून म्हणून मग नवे जोडायचे.

प्रश्न : सख्ख्या भावाने सातबाऱ्यावरून माझे नाव काढायला लावले. स्तोत्र १०९ वाचले की बरे वाटते, पण त्यातले शाप वाचणे ख्रिस्ती माणसाला शोभते का? (एक शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

दादा, वाचा. पण कोणासमोर आणि कशासाठी, हे ठरवून वाचा.

स्तोत्र १०९ मधले शब्द फार जहाल आहेत : त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची मुले पोरकी होवोत. पण तिथे दावीद शत्रूशी बोलत नाही, तो सगळे देवाला सांगतो. चौथ्या वचनात तो म्हणतो की मी तर प्रार्थनेतच आहे. म्हणजे हातात काठी घेण्याऐवजी त्याने ते शब्द देवापुढे ठेवले आणि निकालही देवावरच सोडला. रोम १२:१९ मध्येही हेच सांगितले आहे, सूड तुम्ही घेऊ नका, तो देवावर सोपवा. मनात विष आहे आणि ते कुठेतरी बाहेर पडणारच. देवासमोर सांडले नाही तर ते बायकोमुलांवर किंवा बांधावर सांडते.

म्हणून स्तोत्र एकट्याने, दार लावून वाचा. ६ ते १९ या वचनांवर थांबू नका. त्याच बैठकीत २१ ते ३१ वाचाच, तिथे दावीद स्वतःची कळवळ मांडतो, मी दीन आहे, माझे अंतःकरण घायाळ झाले आहे म्हणतो. बहुतेकांचे रडणे इथे फुटते, आणि ते फुटू द्यावे. यातले एकही वचन भावाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, स्टेटसलाही ठेवू नका. देवाला सांगायचे शब्द माणसावर फेकले की ती धमकी होते. ज्या दिवशी हे स्तोत्र वाचाल त्या दिवशी जमिनीबाबत कोणताही निर्णय घेऊ नका, फोनही करू नका.

हक्क सोडा असे आम्ही म्हणणार नाही. मत्तय १८:१५-१७ मधला क्रम धरा : आधी भावाला एकट्याने भेटा, मग दोघा-तिघा साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे. १ करिंथ ६ हेच सांगते की विश्वासणाऱ्यांचा तंटा आधी घरात मिटवायला बघावा. पण महसुली अपिलाला मुदत असते. ती उलटून गेली तर घरची बैठक कितीही चांगली झाली तरी हातात काही उरणार नाही. त्यामुळे भेटीगाठी चालू असतानाच सातबारा आणि फेरफाराच्या नकला काढा, वकिलाला दाखवा. लूक १८:१-८ मधली विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली. येशूने तिचीच गोष्ट सांगितली, आणि तीही खचून न जाता प्रार्थना करावी हे शिकवण्यासाठी.

प्रश्न : आता नको वाटते सगळे. प्रार्थना करते ती सुद्धा ‘मला घेऊन जा’ अशीच असते. (नाव-गाव दिलेले नाही)

प्रिय भगिनी, हे वाचत असाल त्याच क्षणी घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला हेच वाक्य सांगा, आणि आज रात्री एकट्या राहू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. उद्या मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. स्वतःला इजा करावी असे वाटत असेल तर उद्याची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा, कोणालातरी घेऊन.

तुमची प्रार्थना बायबलमध्ये आधीच लिहिलेली आहे. १ राजे १९:४ मध्ये एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून नेमके हेच मागतो, पुरे झाले, आता माझा प्राण घे. त्याने त्याआधी चाकराला मागे ठेवले होते, तो एकटा होता, थकलेला होता, जिवाच्या भीतीने पळत होता. देव त्याला रागावत नाही. दूत येऊन त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, उठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे आहे. तो खातो आणि परत झोपतो. दूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा तेच, खा, कारण वाट तुला झेपणार नाही. प्रश्नोत्तरे होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी होतात. आणि तिथून देव त्याला अलीशाकडे धाडतो, म्हणजे सोबती देतो.

आज तुमच्याकडून मोठ्या प्रार्थनेची अपेक्षा नाही. काहीतरी गरम खा, पाणी प्या, झोपा, आणि कोणाला तरी उशाशी बसू द्या. वाचावेसे वाटले तर त्या अध्यायातली ४ ते ८ एवढीच वचने त्या माणसाकडून वाचून घ्या.

प्रश्न : ज्या घरी मृत्यू झाला तिथे प्रार्थनेला जाताना कोणता उतारा न्यावा? मागच्या वेळी मी रोम ८:२८ वाचले आणि घरातली आई उठून आत गेली. (महिला मंडळातील एक सेविका, वसई)

आईला तुमचा राग आला नसेल, वचनाची वेळ चुकली. ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे शोक करणाऱ्याने स्वतः, त्याच्या वेळेला म्हणायचे वाक्य आहे. पाहुण्याने दफनाच्या दिवशी म्हटले की ते हिशेब मांडल्यासारखे लागते. मुलेबाळे गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस, सात रात्री तोंड उघडले नाही (ईयोब २:१३), आणि त्यांचे तेवढेच बरोबर होते. बोलायला लागल्यावर ते चुकत गेले, आणि ४२:७ मध्ये देवाने त्यांना तसे सांगितले.

पहिल्या दिवशी योहान ११:१७-३६ न्या. लाजर मेल्यावर त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी येशूला एकच वाक्य ऐकवतात, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता (११:२१ आणि ११:३२). शब्द तेच, पण मार्थेला तो पुनरुत्थानाबद्दल सांगतो आणि मरीयेजवळ रडतो. घरात गेल्यावर पाच मिनिटे गप्प बसा आणि समोर मार्था आहे की मरीया ते बघा. जी बोलते, विचारते तिच्यासाठी २५-२६ वर थोडे थांबा. जी बोलत नाही तिच्यापाशी ३५व्या वचनावर वाचन संपवा आणि त्यावर भाष्य करू नका. एकानेच वाचावे, सावकाश, आणि सगळे मिळून दहा मिनिटांच्या वर नेऊ नये.

तीन-चार आठवड्यांनी, येणारे-जाणारे कमी झाले की पुन्हा जा, एकट्याच, जेवणाचा डबा घेऊन. त्या भेटीत रोमकरांस पत्राचा तोच आठवा अध्याय उघडा, पण २६वे वचन वाचा. आपल्याला प्रार्थनाही करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे तिथे आहे. २८वे पुढे दोनच वचनांवर आहे. ती आई कधीतरी स्वतः तिथवर वाचेल, तुम्ही घाई करू नका.